मंडळीचे गाणे



ख्रिस्ती उपासनेत गायकाने सर्वांचे गाणे कसे चालवावे, हा आजचा विषय. सातपूरच्या या मांडवात बसलेल्यांपैकी पुष्कळांनी चर्चची पायरी कधी चढलेली नसेल, आणि हा विषय आपल्या कामाचा नाही असे त्यांना वाटणे साहजिक आहे. परंतु आमची त्यांना विनंती अशी की, क्षणभर गणपतीची आरती डोळ्यांपुढे आणावी. आळीत एखादा चांगल्या गळ्याचा मुलगा असतो. तो आपल्या सोयीच्या उंच पट्टीत आरती धरतो, शेवटच्या ओळीवर एक सुरेख हरकत घेतो, आणि हळूहळू भोवतालचे लोक नुसत्या टाळ्या वाजवू लागतात. आरती उत्तम झाली असे सगळे म्हणतात. ती म्हटली मात्र एकट्यानेच. चर्चमध्ये हेच होते, हरिपाठात हेच होते, शाळेच्या प्रार्थनेतही हेच होते. म्हणून हा प्रश्न एका धर्माच्या चार भिंतींतला नव्हे.

मराठी ख्रिस्ती लोक आपल्या समाजाला ‘मंडळी’ म्हणतात. शब्द मोठा बोलका आहे. मंडळी श्रोते नव्हेत. मैफलीत श्रोत्यांनी गप्प बसणे हा गवयाचा मान असतो. उपासनेत मंडळी गप्प बसली तर गवयाचे काम फसले असे समजावे. प्रार्थना करण्याचे काम दुसऱ्याच्या हाती सोपवता येत नाही, आणि गीत ही तेथे प्रार्थनाच असते. आमचे म्हणणे एवढेच आहे की, पुढे उभ्या राहणाऱ्या गायकाची परीक्षा त्याच्या गळ्यावरून करू नये, समोरच्या शंभर गळ्यांवरून करावी. ऐकायला हे सोपे आहे. आचरायला कठीण का, ते आता पाहू.

प्रथम थोडा इतिहास. गायकाने लोकांचे गाणे गिळून टाकावे ही गोष्ट फार जुनी आहे. चौथ्या शतकात लाओदिकीया येथे भरलेल्या धर्मसभेने असा नियम केला की, नेमलेल्या गायकांनीच उंच चौथऱ्यावर चढून पोथीतून गावे. इतरांनी गाऊ नये. हेतू बहुधा सुव्यवस्थेचा असेल. लोक बेसूर गातात, मागेपुढे होतात, हे खरेच आहे. पुढे युरोपात शतकानुशतके चर्चचे गाणे मुख्यतः शिकलेल्या गायकवृंदाकडे आणि लॅटिन भाषेकडे राहिले. जर्मनीत लूथरने १५२४ साली लोकभाषेतील गीतांची पुस्तके काढविली, तेव्हा चांभार-सुतारांनी पुन्हा तोंड उघडले. रोमन कॅथलिक पंथात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीविषयी जो दस्तऐवज मंजूर केला, त्याने देशी भाषांना वाट करून दिली आणि लोकांच्या सहभागावर भर दिला. आज मराठीत मिस्सा होते, ती त्या निर्णयामुळे.

संत ऑगस्टीन हा चौथ्या-पाचव्या शतकातला मोठा धर्मपंडित. त्याने आपल्या आत्मनिवेदनात एक प्रामाणिक शंका लिहून ठेवली आहे. गाण्यात सांगितलेल्या गोष्टीपेक्षा गाण्यानेच आपले मन अधिक हलते, याचे त्याला भय वाटे. तरीही गाणे बंद करावे असे त्याने म्हटले नाही. हे भय प्रत्येक गायकाने थोडेसे जवळ बाळगावे, असे आम्हांस वाटते.

स्कॉटलंड-इंग्लंडकडची एक रीत येथे सांगितली पाहिजे. १६४४-४५ च्या सुमारास तेथे उपासनेची जी नियमावली झाली, तिच्यात असे सुचविले होते की, जेथे पुष्कळांना वाचता येत नाही तेथे पाळकाने किंवा दुसऱ्या लायक माणसाने स्तोत्राची एकेक ओळ आधी वाचून दाखवावी, मग लोकांनी ती गावी. आपल्याला ही रीत परकी वाटणार नाही. आपला कीर्तनकार ओळ देतो व टाळकरी ती उचलतात. फरक इतकाच की तो वाचून नव्हे, गाऊन देतो, म्हणजे शब्दाबरोबर चालही हातात देतो. निरक्षर समाजाला गाते ठेवण्याची याहून उत्तम युक्ती कोणी शोधली असेल असे आम्हांस वाटत नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. चर्चमधला विधी लॅटिनमध्ये होता; पण गोमंतकातील नव्या ख्रिस्ती लोकांच्या तोंडी काय बसेल याचा विचार करून त्या गृहस्थाने ओवी निवडली. जात्यावर बसलेली बाई जी चाल न शिकता म्हणते, तिच्यात त्याने आपले पुराण घातले. हा शहाणपणा पुढे दोनशे वर्षांनी आलेल्या मिशनऱ्यांना लगेच सुचला नाही. अमेरिकन मिशन १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आले. त्याच सुमारास स्कॉटिश व इंग्रज मिशनरीही कोकणात, मुंबईत, नाशकात काम करीत होते. आपल्या स्तोत्रांची त्यांनी मराठीत भाषांतरे केली आणि चाली मात्र विलायतेच्याच ठेवल्या.

येथे नेमके काय अडले ते पाहण्यासारखे आहे, कारण गायकाला आजही तेच अडते. इंग्रजी स्तोत्राची नेहमीची ओळ अनाघात अक्षराने सुरू होते आणि दुसऱ्या अक्षरावर ठोका पडतो. ती भाषा आघातावर चालते. मराठी चालते ऱ्हस्व-दीर्घावर. इंग्रजी चालीत मराठी शब्द बसवला की ठोका भलत्याच जागी येतो. ‘देवाचा’ हा साधा शब्द घ्या. ‘दे’ झटकन जातो, ‘वा’वर घाव बसतो, पुढच्या ओळीत ‘च्या’, ‘ला’, ‘नी’ असे विभक्तीचे प्रत्यय लांबलचक ताणले जातात आणि देवाचे नाव अर्ध्या मात्रेत उरकते. लोक अर्थाने नव्हे तर सवयीने गाऊ लागतात. पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिताना समजून गाण्याचा आग्रह धरला आहे. पण ज्या गाण्यात शब्दच मोडतात ते समजावे कसे? इंग्रजी चाली वाईट आहेत असे कोणी समजू नये. काही फार भारदस्त आहेत आणि कित्येक मराठी मंडळ्यांत आता पिढ्यान्‌पिढ्या रुजल्या आहेत. आजीने म्हटलेली चाल परकी राहत नाही. तथापि नवे गीत निवडताना गायकाने ते आधी नुसते बोलून पाहावे, मग गाऊन पाहावे. दोन्हींत शब्द एकाच जागी जड होत असतील तरच ते मंडळीपुढे ठेवावे.

ही गाठ सोडविण्याचे मोठे श्रेय रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १९१९ साली ते वारले. एवढ्या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला शंभरांहून अधिक गीते दिली. ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून ती आजही गाइली जातात. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे ते म्हणत. आणि त्यांच्या अभंगांत तो पूल स्पष्ट दिसतो. नाशिककरांना त्यांचा अभिमान वाटावा असे आणखी कारण म्हणजे लक्ष्मीबाई. त्यांचा जन्म १८६८ साली जलालपूरचा, आणि जलालपूर येथून काही फार दूर नाही. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते, ते या बाईंनी पुरे केले. ‘स्मृतिचित्रे’ आपण सर्वांनी वाचलीच असतील. नसतील तर हे व्याख्यान ऐकण्याऐवजी ती वाचली असती तरी चालले असते.

अभंग मंडळीला का मानवतो, याचे कारण केवळ भावनिक नाही. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत अक्षरे असतात सहा, सहा, सहा आणि चार. चाल चारही चरणांना सारखीच जागा देते, म्हणून शेवटच्या चार अक्षरांच्या चरणात दोन अक्षरांची मोकळीक उरते. तेथे स्वर लांबतो आणि लोक श्वास घेतात. म्हातारा, दम्याचा रोगी, लहान मूल, सगळे त्या जागी पुन्हा एकत्र येतात. गायकाने नेमकी हीच मोकळी जागा मुरकीने भरून टाकली की लोकांचा श्वास चुकतो आणि पुढच्या ओळीला निम्मे गळे उशिरा लागतात. चांगल्या गळ्याच्या माणसाला रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतात, त्याला इलाज नाही. पण ती जागा त्याची नाही.

वरच्या दर्जाच्या गवयाने आपली विद्या आवरून लोकांना गाते केल्याचे उदाहरण पाहायचे तर ते या नाशकातच आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले हे सर्वांना ठाऊक आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी पंचवटीत रामनामाधार आश्रम केला आणि रामनामात रमले. ‘रघुपति राघव’ या धूनची प्रचलित चाल त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ग्वाल्हेर घराण्याचा एवढा बुजुर्ग गवई, पण त्या धूनमध्ये कोठे तान नाही, कोठे अवघड उडी नाही. ओळ लहान, स्वरांचा पसारा लहान, आणि प्रत्येक ओळ पुन्हा घरी परत येते. ज्याला सर्व येते त्याने इतके थोडे वापरावे, यात त्याची विद्या दिसते. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात प्रार्थनेचे गाणे चालवीत व १९३० च्या दांडीयात्रेत ते होते. खऱ्यांनी जमविलेल्या ‘आश्रम भजनावली’त मराठी अभंगांच्या जोडीला न्यूमनची इंग्रजी प्रार्थनाही आहे. निरनिराळ्या प्रांतांच्या, निरनिराळ्या गळ्यांच्या माणसांकडून सकाळ-संध्याकाळ गाववून घेण्याचे ते काम होते. चर्चमधल्या गायकाचे काम याहून वेगळे नाही.

आता प्रत्यक्ष कामाच्या गोष्टी. पहिली पट्टीची, आणि आमच्या मते निम्मे यश तिच्यातच आहे. गायक आपला षड्ज आपल्या गळ्यावरून ठरवितो. पुरुष गवई काळी एक किंवा दोन धरतो, बाई काळी चार किंवा पाच. मैफलीत हे ठीक. मंडळीत षड्ज ठरवायचा तो गीताच्या चालीवरून. न शिकलेला माणूस पांढरी एकपासून वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत बिनकष्ट गातो. बायका तेच स्वर एक सप्तक वर घेतात. म्हणून गीतातला सर्वांत उंच स्वर कोणता ते आधी पाहावे आणि तो या कुंपणाबाहेर जाणार नाही असा षड्ज धरावा. चाल मंद्र पंचमापासून मध्य धैवतापर्यंतच फिरत असेल तर पांढरी चार छान बसते. षड्जापासून तार षड्जापर्यंत जात असेल तर पांढरी एक. तार गंधाराला शिवत असेल तर आणखी खाली, खालच्या सप्तकातली पांढरी सहा. बाई पुढे उभी असेल तर तिला ही पट्टी खर्जात वाटेल आणि तिचा आवाज चमकणार नाही. तो चमकू नये, हेच बरे. सकाळची उपासना असेल तर अर्धा स्वर आणखी उतरवावा; झोपेतून उठलेले गळे जड असतात. वारकरी भजनी मंडळे उंच पट्टीत गातात हे खरे, पण ते गळे रोजच्या भजनाने तयार झालेले असतात. आठवड्यातून एकदा तोंड उघडणाऱ्यांशी त्यांची तुलना करू नये.

दुसरी गोष्ट उठावाची. पेटीवर सबंध गीत आधी वाजवून दाखविण्याची गरज नसते. ध्रुवपदाची शेवटची ओळ पुरे. मग गायकाने सर्वांना दिसेल असा श्वास घ्यावा. श्वास हा संसर्गजन्य आहे; तो पाहून समोरची माणसेही श्वास घेतात आणि पहिले अक्षर एकदम येते. पहिला शब्द मात्र स्पष्ट, ठाम आणि बिनअलंकाराचा हवा. तेथेच मींड घेतली तर सूर कोठे आहे हे लोकांना कळत नाही आणि ते वाट पाहत राहतात.

लय सैल पडते ती या वाट पाहण्यामुळे. प्रत्येक जण शेजाऱ्याचे ऐकून मग अक्षर टाकतो, आणि शंभर माणसांत हा उशीर साचत जातो. अशा वेळी पुष्कळ गायक आवाज चढवितात. त्याने लय सुधारत नाही, फक्त कानठळ्या बसतात. लय सावरते ती टाळाने, हाताच्या ठोक्याने, आणि व्यंजने ठसठशीत उच्चारल्याने. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा झांजेवर वाजू लागल्या की कोणाला मागे राहता येत नाही. तबलजीने मात्र कडव्यांमध्ये लग्ग्यांचा पाऊस पाडू नये.

ध्रुवपद मंडळीचे आणि कडवे गायकाचे, ही जुनी वाटणी अजून उत्तम आहे. कडव्यात गायकाने आपली कला जरूर दाखवावी. आम्ही कलेचे वैरी नाही. दान गोळा होत असता किंवा प्रभुभोजनाच्या वेळी एकट्याने गाइलेले गीतही मनाला निराळेच शांतवून जाते, त्याला जागा असावी. पण ध्रुवपद आले की त्याने ध्वनिक्षेपकापासून एक पाऊल मागे सरावे.

ध्वनिक्षेपकाबद्दल चार शब्द बोलणे प्राप्त आहे. माणूस गातो केव्हा? आपल्या शेजारचा गातो आहे असे कानी पडते तेव्हा. शेजाऱ्याच्या आवाजापेक्षा कर्ण्याचा आवाज मोठा झाला की त्याला वाटते, गाणे चाललेच आहे, माझ्यावाचून अडत नाही. मग तो ऐकू लागतो. हल्ली मंचावर गायकांचा संच, विजेवर चालणारी वाद्ये, भिंतीवर शब्द, अशी मांडणी पुष्कळ ठिकाणी झाली आहे. तरुणांना ती आवडते आणि त्यांच्या उत्साहाला नावे ठेवण्याचे कारण नाही. भिंतीवरच्या शब्दांनी पुस्तकात खुपसलेली डोकी वर आली, हा फायदाच झाला. परंतु आठ जणांच्या संचातले पाच जण मंचावरून खाली उतरवून लोकांत निरनिराळ्या बाकांवर बसवावेत, असे आम्ही सुचवितो. शेतात बी मूठभरून एका जागी टाकीत नाहीत. चांगला गळा शेजारी असला की भिडस्त माणसालाही धीर येतो, आणि बेसूर माणूस आपोआप सुराकडे सरकतो.

नवे गीत शिकवायचे ते उपासना सुरू होण्यापूर्वीच्या दहा मिनिटांत, आणि गळ्याने, पेटीने नव्हे. आधी नुसते ध्रुवपद. पुढल्या आठवड्यास कडवी. महिन्याला एक नवे गीत पुष्कळ झाले. दर रविवारी तीन नवी गीते आणणारा गायक मंडळीला श्रोते बनवितो, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो.

सातपूरला या गोष्टींचे महत्त्व अधिक का, तेही सांगतो. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्यानंतर येथल्या शेतांवर कारखाने उठले. कारखान्यांमागून माणसे आली, आणि ती एका भाषेची नव्हती. एकाच उपासनेत नगरकडचा मराठी ख्रिस्ती, केरळातला फिटर आणि गोव्याची परिचारिका शेजारी बसली तर त्यांना एकत्र गाववायचे कसे? नाशकाला हा प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकात शरणपूरला मिशनच्या आश्रयाला गुलामगिरीतून सोडविलेली आफ्रिकन मुले राहत होती. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट हा १८७४ साली लिव्हिंग्स्टनच्या दफनविधीला वेस्टमिन्स्टरमध्ये हजर होता. अशा मिश्र मंडळीत लहान ध्रुवपदाचे मोल फार वाढते. चार शब्द कोणीही दोन आवर्तनांत उचलतो. कडवे मराठीत गायकाने म्हणावे, वाटल्यास दुसरे मल्याळीत दुसऱ्याने म्हणावे. ध्रुवपद सर्वांचे एक.

शिवाय येथे पाळ्या आहेत. रात्रपाळीचा माणूस रविवारी सकाळी थेट कारखान्यातून येतो. दिवसभर यंत्राशेजारी उभे राहिलेल्याचे कानही मंद होतात. त्याला सूर पुन्हा एकदा दिला तर बिघडत नाही. खोलीतल्या घरगुती प्रार्थनेला सहा माणसे, पेटी नाही, गायकही दुपारपाळीला गेलेला. तेथे गीत कोण धरणार? ज्या गायकाने वर्षभर ध्रुवपदाला मागे सरून दुसऱ्यांना पुढे येऊ दिले असेल, त्याच्या मंडळीतली एखादी आजी ते धरील. पट्टी जरा खालीच धरील, आणि तेच योग्य होईल.

चालकांनी आमच्या विनंतीवरून येथे पेटी आणून ठेवली आहे. सर्वांना येणारी म्हणून ‘रघुपति राघव’ची धून घेऊ. प्रथम काळी पाचमध्ये म्हणू, मग पांढरी चारमध्ये. दोन्ही वेळा आम्ही पहिली ओळ देऊन थांबू. मागच्या रांगेतल्या पुरुष मंडळींनी आपला आवाज कोठे लागतो आणि कोठे सुटतो, तेवढे ध्यानात ठेवावे. कर्णा बंद करावा.